बांगड्यांच्या दुकानातला हात

"बाबा, माझी करंगळी कितीची?"

हात पोह्यांच्या ताटलीशेजारी उताणा पडला होता... मनगटाच्या जरा वर कापल्यासारखा, गुलाबी, आतून पोकळ, प्लास्टिकचा हात – राजापेठेतलं एक बांगड्यांचं दुकान बंद झालं तेव्हा बाबांनी तो मागून आणलेला – आणि त्याची पाचही बोटं एकमेकांकडे ओढलेली, कोणीतरी येईल आणि बांगड्या चढवेल म्हणून अंग चोरून थांबलेली. नखांवरचं लाल नेलपॉलिश कडेकडेनं उडालेलं. प्रत्येक बोटावर एकेक पांढरा गोल स्टिकर आणि त्यावर बाबांच्या सुबक अक्षरात आकडा: अंगठा पंचवीस, शेजारचं दहा, मधलं सहा, पुढचं पाच. करंगळीवरचा स्टिकर मात्र गळून पडला होता. तिथे नुसता डिंकाचा डाग आणि त्या डागाला चिकटलेला एक केस. रागिणीला तो केस दिसला आणि तोंडातला घास तिथेच थांबला.

प्रश्न तिचा नव्हताच. काल संध्याकाळी ट्यूशनच्या पायरीवर रूपालीनं तो तिच्या गळ्यात मारला होता – "तुह्या बाबाजवळ म्हणे बोटाचं रेटकार्ड असते. दम असंन तं विचार ना बे, माही करंगळी कितीची म्हणून. घाबरते का?" – आणि बाकीच्या पोरी गिला वड्याचं दही चाटत खी खी हसल्या होत्या. घाबरते का, हे आता रागिणीला कोणी विचारायचं कामच नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंतची गोष्ट वेगळी. तेव्हा वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज घशाच्या वर यायचा नाही, बाई दोनदा नाव घ्यायच्या आणि तिसऱ्यांदा गैरहजेरी मांडायच्या. पण मोझरीच्या वक्तृत्व स्पर्धेत तिनं ढाल जिंकली, मग चौदा एप्रिलला वस्तीतल्या मंचावर सात मिनिटं माईक सोडला नाही, आणि तेव्हापासून नववीतल्या रागिणीला स्वतःचा आवाज असा काही आवडायला लागला की न्हाणीघरातसुद्धा ती "उपस्थित बंधू आणि भगिनींनो" म्हणून बादलीला उद्देशून सुरुवात करायची.

बाबा रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं, मग रूपालीला सांगायला एक किस्सा झाला असता. पण बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा खुलला, एखाद्यानं त्यांच्या आवडत्या गाण्याची फर्माईश करावी तसा.

"डाव्या हाताची का उजव्या?"

"कोणतीही."

"चार टक्के. म्हणजे जेवढ्याचा विमा, त्याच्या शंभरात चार." मग जरा थांबून, हसून, "पण तुही शून्य. तू कुठं कमावते अजून? कमावत्या माणसाच्याच बोटाले भाव असते, बेटा."

"सकाळी सकाळी लेकराची बोटं काय तोडून राहिले," आई ओट्याजवळून म्हणाली. "आणि तो मेला हात उचला आधी तिथून. जेवायच्या जागी ठेवतात का?"

शून्य. रागिणीनं टेबलाखाली स्वतःची करंगळी चिमटीत धरली, आणि ती तिला उगाचच थंड लागली, लांबची, कोणाची तरी. माझी करंगळी. हिच्यावर मी तिसरीत असताना खिडकी आपटली होती आणि आई मला कडेवर घेऊन इर्विनच्या दवाखान्यापर्यंत पळत गेली होती – तेव्हा कोणी विचारलं नव्हतं कमावते का म्हणून... पोह्यांवरचं खोबरं आता तिला नखांच्या कातरणासारखं दिसायला लागलं. तिनं ताटली सरकवली.

आज बाबा तिला अकोल्याला नेणार होते. शनिवार होता, शाळेला सुट्टी होती, आणि एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये बाबांची मोठी मीटिंग होती. "तुह्यासारखं बोलणारं माणूस पाहिजे मले," ते आठवडाभर म्हणत होते. "बाया माझं ऐकत नाहीत. मी बोललो का त्याइले वाटते हा काहीतरी विकून राहिला." रागिणीनं त्यासाठी चार पानं लिहून काढली होती. बाबांनी दिलेल्या माहितीपत्रकातून नाही – ते फार बारीक अक्षरात होतं आणि कंटाळवाणं – तर मनातून. सुरुवात, चढ, थांबा, टाळ्यांची जागा. सगळं.

बडनेऱ्याच्या पुलाखाली देवमनकाका उभे होते, गेली तीन वर्षं बाबांच्या प्रत्येक मीटिंगला सोबत येणारे. गाडी थांबली, मागचं दार उघडलं, खोबरेल तेलाचा आणि विडीचा वास आत आला आणि रागिणीनं काच थोडी खाली केली. देवमनकाकांचा उजवा हात नेहमीसारखा रुमालात होता. रुमाल बाबांचा, पांढरा. आई तो बाकीच्या रुमालांबरोबर इस्त्री करायची. हे रागिणीला ठाऊक होतं आणि म्हणून ती घरातला कोणताही रुमाल तोंडाला लावत नसे... किती वाईट आहे मी, असं तिला वाटायचं, त्या माणसानं काय केलंय माझं. जिनिंगमध्ये कापूस लोटताना मशीननं त्यांची चार बोटं ओढून घेतली, अंगठा तेवढा राहिला, यात त्यांचा काय दोष. तरी त्या रुमालाच्या आत काय आहे ते एकदा पाहिल्यापासून – उकडलेल्या बटाट्याची साल काढल्यावर असते तशी चकचकीत कातडी, तिच्यावर शिवणीची गुलाबी रेघ, आणि शेजारी एकटाच ठणठणीत अंगठा – तो दिसला की ती नजर वळवायची. आणि आपल्याला किळस येते याचीच मग तिला किळस यायची.

"जय भीम, रागिणीबाई," देवमनकाका म्हणाले. "आज तुमचं भाषन म्हणते."

"जय भीम काका."

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना तुरी सोंगून झाल्या होत्या, नुसती खुंटं उभी. बाबा गाडी चालवता चालवता शिकवत होते, आणि शिकवताना त्यांचा डावा हात स्टिअरिंग सोडून हवेत आकडे काढत होता. मरणाचा विमा कोणीही विकते. माणूस मरायला मनानं तयार असते, मागं लेकरं आहेत म्हणून सही करते. पण लुळं होऊन खाटेवर पडायला कोणीच तयार नसते, त्याचा विचारच करत नाही कोणी. म्हणून तो विमा विकणं अवघड, आणि म्हणून तो विकणं पुण्याचं काम... आधी मालकाकडे जायचं. मालकाला सांगायचं, शेठ, तुमचा एक पैसा जात नाही, बायांच्या आठवड्याच्या मजुरीतून हप्ता कटते, आणि नाव मात्र तुमचं होते का शेठनं कामगारांची सोय केली. मग कामगारांकडे. आधी हात दाखवायचा. मग आकडा सांगायचा. मग म्हणायचं, दिवसाचा एक चहा सोडा. आणि मग – बाबांनी बोट वर केलं – मग चूप बसायचं. जो आधी बोलला तो हरला.

"आणि एक लक्षात ठेव. मी एजंट नाही, ब्रोकर आहे. एजंट असते कंपनीचा माणूस. ब्रोकर गिऱ्हाइकाचा."

हे वाक्य रागिणीला फार आवडत आलं होतं. लहानपणी कोणी 'तुझे बाबा काय करतात' विचारलं की ती हेच म्हणायची, अर्थ कळत नव्हता तेव्हासुद्धा: माझे बाबा गिऱ्हाइकाचे माणूस आहेत.

मूर्तिजापूरला आलूबोंडे घेतले. देवमनकाकांनी पुडा मांडीवर धरला, रुमाल सोडून खिशात ठेवला, आणि अंगठा आणि तळव्याची ती साल यांच्यामध्ये एक बोंडा अलगद पकडून पुढच्या सीटकडे केला – "घ्या, गरम हाये." तेल त्या कातडीवर चमकत होतं. रागिणी म्हणाली, मला भूक नाही काका. बाबांनी घेतला आणि दोन घासांत संपवला. काचेबाहेर पाहत ती मनातल्या मनात भाषणाची सुरुवात म्हणायला लागली. उपस्थित माता-भगिनींनो.

डाळमिलमध्ये हवाच पिवळी होती. तुरीचा भुसा उन्हाच्या पट्ट्यांमधून उडत होता, बसत होता, पुन्हा उडत होता. भिंती, पोती, पंख्याची पाती, बायांच्या भुवया, सगळ्यांवर तोच रंग. जेवणाची सुट्टी झालेली. मशीनवरचे तीसेक पुरुष एका बाजूला उभे, आणि बाया – नव्वद असतील – बारदानांवर बसून नाकावरचे फडके गळ्यात ओढून भाकरी खात होत्या. खोकत होत्या. एक खोकायची, मग तिच्या शेजारची, मग पलीकडची. आपल्या घशातही ती धूळ बसतेय असं रागिणीला वाटलं, मऊ, गोडसर, आणि थुंकावंसं वाटलं, पण इतक्या लोकांसमोर कुठे थुंकणार.

बोलायला उंच जागा हवी म्हणून बाबांनी तिला पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. समोर लाल आकडे लुकलुकले: शेहेचाळीस. एक बाई म्हणाली, "अवो माय, अर्धं पोतंच हाये पोट्टी!" आणि सगळ्या हसल्या. रागिणीही हसली. तिला आवडलं ते. आपल्याकडे पाहून हसणारी गर्दी म्हणजे अर्धी जिंकलेली गर्दी, हे तिला मोझरीलाच कळलं होतं.

आणि ती बोलली. काय बोलली ते तिला पुढं सगळं आठवेना, तिला आठवत होता तो फक्त आवाज – आपलाच, पत्र्याच्या छताला लागून परत येणारा, खणखणीत. तिनं प्लास्टिकचा हात वर धरला. या हाताला मोल आहे, माता-भगिनींनो! अंगठ्याला पंचवीस, तर्जनीला दहा... बाबांनी बाजूनं हळूच म्हटलं, "देवमन, दाखव." देवमनकाका पुढे आले आणि त्यांनी रुमाल काढला, एका झटक्यात, जत्रेतल्या जादूगारासारखा. बायांमधून एक लांब श्वास गेला. कोणी तोंडावर पदर धरला. रागिणी नेमक्या त्या क्षणाला थांबली – तिथे थांबा लिहिलेलाच होता – आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या हे कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं. तेव्हा तुमच्यासोबत कोण असेल?"

मग ती बाबांनी तोंडी सांगितलेल्या पूरक विम्यावर आली. आजारपणात कामाला येता आलं नाही तर अर्धी मजुरी, दहा आठवडे. इथे बायांचे कान टवकारले, हातातल्या भाकरी थांबल्या. कारण त्यांची बोटं मशीनजवळ जातच नव्हती, त्यांच्या वाट्याला ही धूळ होती.

मागून एक बाई उठली. साठीची असेल, वाळलेली, डोळे लाल. बाबांनी कानात सांगितलं, लीलाबाई, सगळ्या हिचंच ऐकतात. लीलाबाई आधी खोकली, मग म्हणाली, "बाई, मी एक विचारतो. आमाले दर पाच महिन्यानं धा दिवसाचा ब्रेक देते ठेकेदार. मंग आमी पुन्हा नव्यानं लागतो. तं ब्रेक झाला का हे तुमचं इम्याचं तुटते का? का चालूच रायते?"

रागिणीला उत्तर माहीत नव्हतं.

हे तिला नंतर किती तरी वेळा स्वतःशी म्हणायचं होतं, साध्या सरळ शब्दांत: मला माहीत नव्हतं. तेव्हा मात्र तिला माहीत नसल्याचं जाणवलंच नाही. नव्वद चेहरे वर होते, आवाज चढावर होता, आणि चढावर आवाज थांबत नसतो, त्याला पुढचा शब्द लागतो. ती हसली, लीलाबाईच्या डोळ्यांत पाहिलं – प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावं, हेही मोझरीचंच – आणि म्हणाली, "नाही मावशी! ब्रेकनं काहीच तुटत नाही. एकदा सही केली की केली. तुम्ही ब्रेकवर असा नाही तर कामावर, हा हात तुमच्यासोबत राहणार!"

टाळ्या पडल्या. बाबा तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते फॉर्मचा गठ्ठा सोडत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

लीलाबाई सगळ्यात आधी आली. शाईच्या पॅडवर अंगठा दाबताना ती बाबांकडे नाही, रागिणीकडे पाहत होती. "जय भीम बाई," ती म्हणाली. पंधरा वर्षांच्या मुलीला बाई. "चौदा एप्रिलच्या टेजावरची पोरगी तू. माह्या भाचीनं मोबाइलवर दाखोलं होतं. तू खोटं थोडीच बोलशीन." आणि जांभळा अंगठा तिनं पदराला न पुसता रागिणीच्या गालाला लावून कडाकड बोटं मोडली.

परतताना बाबा शीळ घालत होते. सत्त्याण्णव सह्या! एकशेवीसात नव्वद झाल्या तरच कंपनी सगळ्यांचा मिळून विमा करते, नाही तर कोणाचाच नाही. मागच्या दोन खेपांना चाळिसाच्या वर आकडा गेला नव्हता. रागिणी फुगून बसली होती, आनंदानं. आरशात गालावरचा जांभळा डाग दिसत होता आणि तो तिला पुसावासा वाटत नव्हता, बक्षिसासारखा वाटत होता. पुढच्या वेळी आणखी चांगलं करायचं. पुढच्या वेळी कागद न घेता. म्हणून – नुसतं म्हणून – तिनं बोरगाव मंजूच्या आसपास माहितीपत्रक उघडलं.

वाचायला वेळ लागला. गाडी हलत होती, अक्षरं मुंग्यांएवढी. अवयवांचा तक्ता: अंगठा, तर्जनी, एक डोळा, दोन्ही डोळे, वाचा... वाचा पन्नास टक्के. ती मनात हसली, माझी वाचा तर दोन हातांच्या बरोबरीची पाहिजे. मग पान उलटलं. पूरक लाभ. सहा महिने सलग सेवेनंतरच लागू. सेवेत खंड पडल्यास मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाईल.

तिनं ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग बोटांवर मोजलं, लहान मुलांसारखं: पाच महिने, ब्रेक. पाच महिने, ब्रेक. सहावा महिना येतच नाही... त्यांचा सहावा महिना कधीच येत नाही.

"बाबा, यात तर तुटतं असं लिहिलंय. ब्रेक झाला की."

"हो मग. तुटतेच ना."

"मी तर नाही म्हटलं."

"ऐकलं मी." बाबांनी मधेच तुटलेली शीळ पुन्हा धरली, कडवं पूर्ण केलं. "मस्त बोलली तू. मी नसतो बोललो तसं. मी बोललो असतो तं माह्यावर आलं असतं, लायसन जाते. तू लेकरू आहे. लेकराचं बोलणं कोणी लिहून घेते का?"

रागिणीच्या हातातलं पत्रक मांडीवर आलं. बाहेर ट्रकांची रांग होती. तिला एकदम आठवलं, आठवडाभर बाबा म्हणत होते – मी बोललो का त्याइले वाटते विकून राहिला. तुह्यासारखं माणूस पाहिजे. तुझ्यासारखं... म्हणजे कसं, बाबा? चांगलं बोलणारं? की ज्याचं बोलणं कोणी लिहून घेत नाही असं?

"तुम्ही मुद्दाम नेलं मला?"

"वेडी आहे का! मले काय माहीत ती बाई काय विचारते." हे खरं असावं. बाबा खोटं बोलताना नाक खाजवायचे आणि आत्ता दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "पण बोलल्या गेलं तं बोलल्या गेलं. समजून घे, रागिणी. मशीनवर तीस जण आहेत, त्याइचे हात रोज पट्ट्यात जातात. बायांनी सह्या नसत्या केल्या तं नव्वद झाले नसते, आणि त्या तिसांले छदाम भेटला नसता. आता उद्या कोणाचं बोट गेलं तं काहीतरी हातात येईन ना? बायांलेही बोटाचं आहेच."

"बायांची बोटं मशीनजवळ जात नाहीत. त्या खोकतात बाबा."

"मी नियम बनवतो का?"

"तुम्ही गिऱ्हाइकाचे माणूस ना?"

"गिऱ्हाईक म्हणजे शेठ," बाबा शांतपणे म्हणाले. "फॉर्मवर गिऱ्हाईक म्हणून शेठचंच नाव राहते."

मागून देवमनकाका खाकरले. ते झोपलेत असं तिला वाटलं होतं. ती मागे वळली, काहीतरी धरायला, कोणाला तरी. "काका, तुम्हाला किती मिळालं होतं हाताचं?"

"मले?" ते हसले, दात विडीनं काळे. "मले कुठचं काय, बाई. माहा कुठं इमा होता. साहेब कवा म्हणते का भेटलं म्हणून? साहेब नुसतं म्हणते दाखव. मी दाखवतो. लोकं आपापल्या मनानं समजतात."

लोकं आपापल्या मनानं समजतात. तीही समजली होती. तीन वर्षं.

तेव्हा ती किळस आली, ओळखीची, रुमाल पाहिल्यावर यायची तीच. पण रुमाल खिशात होता. काकांचा हात उघडा, मांडीवर, उन्हात, आणि त्याच्याकडे पाहून तिला काहीच झालं नाही, तो नुसता हात होता, कामाला गेलेल्या माणसाचा. किळस दुसरीकडून येत होती. ती बाबांच्या शिळेकडे वळली, त्यांच्या स्वच्छ कापलेल्या नखांकडे, डॅशबोर्डवर उताण्या पडलेल्या त्या गुलाबी हाताकडे – पण तिथेही थांबली नाही, आणखी आत आली, दातांच्या आत, आणि जिभेवर येऊन बसली. ब्रेकनं काहीच तुटत नाही, मावशी. तो आवाज! किती गोल होता, किती खणखणीत. मला आवडला होता तो. बोलताना मला आवडत होता तो... तिनं जीभ टाळूला घासली, तुरीची धूळ अजून तिथे होती, गोडसर, आणि पाण्याची बाटली अर्धी संपवूनही गेली नाही.

बडनेऱ्याला उतरताना देवमनकाकांनी खिशातून एक संत्रं काढलं आणि अंगठा नि तळव्यात धरून खिडकीतून पुढे केलं. तिच्या नकाराची त्यांना सवय असावी, कारण ते लगेच मागे घ्यायच्या बेतात होते. रागिणीनं दोन्ही हातांनी घेतलं. ती कातडी तिच्या बोटांना लागली – कोरडी, उबदार, जराशी खरखरीत. बस, एवढीच.

घरी भरीत होतं. बाबा हातपाय धुऊन बसले आणि आईला सगळं सांगत सुटले, काटा, अर्धं पोतं, लीलाबाई, टाळ्या, सत्त्याण्णव. आणि सांगता सांगता बाबांनी खिशातून स्टिकर काढला, त्यावर चार लिहिलं, केस उपटून फेकला आणि गुलाबी करंगळीवर चार टक्के नीट दाबून बसवले. "आता पुढच्या शनिवारी अंजनगाव सुर्जी. हिला घेऊन जातो. काय आवाज आहे पोरीचा, संध्या! तू पाहिजे होती." आई हसली, तिनं रागिणीच्या गालाकडे पाहिलं आणि पदराचं टोक ओलं करून पुढे केलं. "हे काय लावून आली? ये, पुसून देतो."

"राहू दे," रागिणी म्हणाली.

संत्रं तिच्या ताटाजवळ होतं, न सोललेलं. तीस माणसं मशीनवर, तिच्या मनात आलं. त्यांतल्या कोणाचं बोट खरंच गेलं तर? मी सांगितलं आणि सह्या नव्वदच्या खाली आल्या, आणि मग गेलं तर? याचं उत्तरही तिला माहीत नव्हतं. पण या वेळी माहीत नाही हे तिला माहीत होतं, आणि ते एखाद्या खड्यासारखं स्पष्ट लागत होतं, भरताच्या घासात यावं तसं. रूपाली काय म्हणेल – घाबरते का? हो बे. घाबरते. आता रूपालीला सांगायचा किस्सा उरला नव्हता.

तिनं घास गिळला. बोलायला तोंड उघडलं, आणि सवयीनं छातीत हवा भरली गेली, मोझरीची, मंचावरची. चढाची जागा आली, आणि तिला त्या हवेचीच शिसारी आली. तिनं ती सोडून दिली. उरलं ते अगदी बारीक होतं, मागच्या वर्षीचं, दोनदा नाव घेऊनही गैरहजेरी लागायची तेव्हाचं.

"सोमवारी मी शाळेत जाणार नाही. सकाळच्या एसटीनं अकोल्याला जाते. जेवणाच्या सुट्टीत त्याच काट्यावर उभी राहून सांगणार आहे, की मी बोलले ते खोटं होतं. ब्रेक झाला की तुटतं."

"काय म्हटलं?" आई वाकली, हातातली भाकर तशीच. "ऐकू नाही आलं, बाई. मोठ्यानं बोल ना."

बाबांना ऐकू आलं होतं. त्यांचा अंगठा स्टिकरवरच राहिला होता, करंगळी दाबत.

रागिणीनं आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि पुन्हा सांगितलं. तितक्याच हळू.